निशाणी ६१

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत एकच विचारलं, "कागद आहेत का?"

कसले कागद, हे विचारायची गरज नव्हती. मी आईकडे बघितलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, परत सोडलं आणि म्हणाली, "होते. बंबात घातले."

ते २००६ साल. मला बघायला पाहुणे यायचे होते. माजघरातल्या फळीवर, गोधड्यांच्या मागं धाकट्याची फाईल असायची. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, बावीस दिवस ॲडमिट होता त्याचं डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं. पाहुण्यांतली एखादी बाई आत आली आणि तिनं सहज गोधडी ओढली तर? त्या दिवशी पहाटे आईनं सगळं बंबात सारलं. त्याच पाण्यानं मी न्हाले. लग्न जमलं.

अकरा वर्षांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून आम्ही त्या फाईलचा हिशेब देत होतो. धाकट्यावर ३०२ लागलं होतं.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याचं सुरू झालं. मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस आपले श्वास मोजून नेतो, असं तो म्हणायचा. तो माणूस आला की श्वास धरून बसायचा, निळा पडेपर्यंत. आधी देवऋषी झाला, अंगारा झाला, दोन अमावास्या झाल्या. शेवटी मामानं त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. जवळच्या शहरात नाही, तर दीडशे किलोमीटरवरच्या, कारण तिथं ओळखीचं कुणी भेटणार नव्हतं. आणि केसपेपर काढताना मामानं त्याचं नाव खरं सांगितलं, आडनाव मात्र स्वतःचं लावलं. "पोरीचं व्हायचंय अजून," एवढंच म्हणाला. पोरगी म्हणजे मी.

औषधांनी तो सावरला. गावातल्या पिठाच्या गिरणीवर कामाला लागला. पायली-शेराचा हिशेब चोख, सुट्टे पैसे चोख. अधूनमधून गोळ्या सुटायच्या, पुन्हा बिघडायचं, पुन्हा सुरू व्हायच्या. २०१६ च्या दिवाळीत तो इतका बरा दिसत होता की आईच म्हणाली, किती दिवस पोटात विष घालायचं याच्या. दिवाळीत गोळ्या थांबल्या आणि जानेवारीत ते घडलं.

नाना आमचे शेजारी. दोन्ही घरांची भिंत एकच. वडील गेल्यापासून धाकटा रोज सकाळी नानांच्या ओट्यावर चहाला जायचा, माई त्याच्या कपात साखर जास्त घालायच्या. संक्रांतीच्या सुमारास तो आईला म्हणायला लागला, "हे नाना नाहीत. चेहरा नानांचा लावलाय, आत दुसराच आहे." आई हसली. नानांना सांगितलं तर तेही हसले. "मग बायकोला सांग की, तिला बदलून पाहिजेच होता," म्हणाले. आठवडाभरानं, सकाळी सात-साडेसातला, त्यानं आमच्याच घरातली कुऱ्हाड नेली.

पुढचं मी लिहीत नाही. पंचनाम्यात आहे.

त्यानंतर त्यानं काय केलं, तेवढं मात्र लिहायला पाहिजे, कारण खटला त्यावरच फिरला. तो पळाला नाही. कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली, आत स्वयंपाकघरात गेला आणि माईंना म्हणाला, "माई, आता याला विचारा, आपले नाना कुठं ठेवलेत." मग ओट्यावर येऊन बसला. पोलीस यायला दीड तास लागला. तो तिथंच होता.

---

वकीलबाई सरकारनं दिलेल्या. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, तो त्याचा हक्क आहे, हे आम्हाला जेलच्या एका शिपायानं सांगितलं. त्याआधी आम्ही तालुक्याच्या दोन वकिलांकडे जाऊन आलो होतो. एकानं आकडा असा सांगितला की आई उठूनच उभी राहिली. दुसरा म्हणाला, वेड्याच्या केसमध्ये काही नसतं, गुन्हा कबूल करून टाका. या बाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांच्याकडे स्कूटर होती आणि सीटखालच्या डिक्कीत कायम एक कायद्याचं पुस्तक, भिजून फुगलेलं.

त्यांनी पहिल्यांदा आमच्या डोक्यातला गोंधळ काढला. आम्हाला वाटायचं, तो आजारी आहे हे कोर्टाला दाखवलं की झालं. बाई म्हणाल्या, "इथं दोन कुलपं आहेत आणि दोघांच्या किल्ल्या वेगळ्या. पहिलं कुलूप आत्ताचं. आज उभा राहून तो खटला समजून घेऊ शकतो का, मला काही सांगू शकतो का? नसेल तर खटला थांबतो. सुटत नाही, नुसता थांबतो. दुसरं कुलूप त्या वेळचं. कुऱ्हाड उचलली त्या घडीला, आपण काय करतोय किंवा जे करतोय ते चूक आहे, बेकायदा आहे, हे कळण्याच्या अवस्थेत तो होता का? ते दंडसंहितेचं कलम ८४."

"तो बारा वर्षं आजारी आहे हो," मी म्हणाले.

"बारा वर्षांचं कोर्टाला काही नाही. कोर्ट त्या पाच मिनिटांचं विचारणार."

मी शिक्षिका आहे, व्याख्या पाठ करून घेणं हा माझा रोजचा धंदा. पण ही व्याख्या मला महिनाभर गिळवली नाही. आजार असणं वेगळं आणि कायद्यानं मनोविकल असणं वेगळं. तुमच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, डॉक्टर सांगतात, सगळा गाव सांगतो. तरी कोर्टाच्या लेखी तो शहाणा असू शकतो. गुन्हा त्यानं केला हे सरकारनं सिद्ध करायचं, पण त्या वेळी त्याचं मन जाग्यावर नव्हतं हे आम्ही. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं १०५ वं कलम. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की आमचा पुरावा सरकारसारखा निःसंशय असायची गरज नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं १९६४ साली गुजरातच्या दाह्याभाई ठक्कर खटल्यात सांगून ठेवलंय, पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरे. आणि त्या घडीकडे बघताना त्याच्या आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं, तिन्ही बघायचं.

हे सगळं आलं कुठून, हे बाईंनी एकदा कँटीनमध्ये चहा पिताना सांगितलं. लंडनमध्ये १८४३ साली मॅकनॉटन नावाच्या एका माणसानं पंतप्रधान पील यांना मारायचं म्हणून त्यांच्या खासगी सचिवाला, ड्रमंडला, गोळी घातली. सरकारी पक्षाचे लोक आपला छळ करतायत असं त्याला पक्कं वाटत होतं. ज्युरीनं त्याला सोडलं, तर देशभर बोंब झाली. मग तिथल्या न्यायाधीशांनी नियम घालून दिले, आणि ते थोड्या फरकानं १८६० च्या आपल्या दंडसंहितेत येऊन बसले. "आणि सोडलं म्हणजे घरी नाही हां," बाई म्हणाल्या. "उरलेली बावीस वर्षं तो वेड्यांच्या इस्पितळातच होता." तेव्हा मला ती नुसती माहिती वाटली.

आता जुनी दंडसंहिता गेली. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आहे आणि ८४ चं २२ झालंय. आशय तोच.

---

पहिलं कुलूप लवकर उघडलं. जेलमधल्या मुलाखतीला गेले, तेव्हा त्यानं मला ओळखलं, पण जाळीच्या पलीकडून हळूच विचारलं, "तू तूच आहेस ना ताई?" मी त्याला लहानपणीचं काहीतरी विचारून खात्री पटवायला सांगितलं. त्यानं विचारलं, आपल्या म्हशीचं नाव काय होतं? मी सांगितलं. तो थोडा निवांत झाला. शेजारच्या मुलाखतीतली बाई आमच्याकडे बघत राहिली.

बाईंनी अर्ज केला, कोर्टानं तपासणीला पाठवलं. राज्यात तेव्हा प्रादेशिक मनोरुग्णालयं चार होती: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यातल्या एकात तो गेला. अहवाल आला की खटल्याला सामोरं जाण्याच्या स्थितीत नाही. खटला थांबला, तो चौदा महिने. त्या दिवसांत मी रात्री मोबाईलवर नको ते वाचत बसायचे. आसामातल्या एका माणसाला १९५१ साली अटक झाली आणि मनोरुग्णालयात टाकलं. खटला चाललाच नाही. तो बाहेर आला २००५ मध्ये. चोपन्न वर्षांनी, सत्त्याहत्तराव्या वर्षी. आईला हे मी कधी सांगितलं नाही.

पण खरं सांगायचं तर तिथल्या औषधांनीच धाकटा माणसात आला. पंधरा दिवसांनी इंजेक्शन, वेळेवर जेवण, बागेत काम. चौदा महिन्यांनी दाखला आला की आता खटला चालवता येईल. मुलाखतीत तो रडला. मला वाटलं जेलला परत जायचं म्हणून. तर म्हणाला, "ताई, ते नानाच होते."

बरं होण्याची ही किंमत आहे, ती कुठल्या कलमात नाही.

---

दुसऱ्या कुलपाला कागद पाहिजे होते.

तपासाच्या कागदांत काहीच नव्हतं. म्हणजे होतंही. गावातल्या अकरा जणांचे जबाब पोलिसांनी नोंदवले होते आणि अकराच्या अकरा जबाबांत कुठं ना कुठं 'वेडसर', 'डोक्यावर परिणाम', 'भ्रमिष्ट' असा शब्द होता. बाईंनी प्रत्येकाखाली लाल रेघ मारली. आणि त्यानंतर अटकेवेळचा वैद्यकीय दाखला काढला: अंगावर जखमा नाहीत, प्रकृती ठीक. मनोविकारतज्ज्ञाकडे नेलंच नव्हतं. ज्या दिवशी तो सगळ्यांत जास्त आजारी होता, त्या दिवसाचा डॉक्टरांचा एकही कागद नाही. त्या वेळच्या पाच मिनिटांना सगळ्यांत जवळची तपासणी तीच झाली असती.

म्हणून जुने कागद. मामाला घेऊन मी त्या दूरच्या शहरात गेले. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते. ऐंशीच्या घरातले, कानाला यंत्र. रुग्णांचे कागद तीन वर्षं ठेवायचा नियम आहे, इथं तेरा वर्षं उलटलेली. मी जायच्या आधीच हरलेली होते. डॉक्टर म्हणाले, "माळ्यावर दोन ट्रंका आहेत. आमची ही रोज म्हणते रद्दीत घाला."

जुन्या साडीत बांधलेले गठ्ठे होते, वर्षावार. २००४ चा गठ्ठा दुसऱ्या ट्रंकेत तळाला. मामाचं आडनाव शोधायचं हे मामालाच आठवलं. दुपारी तीनच्या सुमाराला तो पिवळा पडलेला केसपेपर हातात आला. वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. निदान, औषधं, आणि डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरात एक ओळ: 'मामा हे मामा नसून त्यांच्या रूपात अन्य व्यक्ती आहे असे सांगतो.'

मामा ती ओळ वाचून जिन्यात जाऊन बसला. तेरा वर्षांपूर्वी त्या रूपातला 'अन्य' तोच होता.

या भ्रमाला नाव आहे. कॅपग्रा नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९२३ मध्ये त्याची नोंद केली होती, त्याच्याच नावानं तो ओळखला जातो. नाव कळून आम्हाला काय उपयोग, असं मला आधी वाटलं. उपयोग झाला. कोर्टात नाव असलेल्या गोष्टीला वजन असतं.

---

साक्षी सुरू झाल्या आणि २०२० च्या मार्चमध्ये कोर्टच बंद पडलं. ते वर्ष सोडून देते.

सरकारी वकिलांचा मुद्दा सरळ होता. हेतू आहे: बांधाचा वाद. माझ्या वडिलांचा आणि नानांचा बांधावरून तंटा झाला होता, तहसीलपर्यंत गेला होता, त्याचे कागद त्यांनी हजर केले. आमचे कागद जळाले, हे बरोबर सापडले. शिवाय आरोपी गिरणीवर हिशेब करतो, म्हणजे अक्कल शाबूत. नाना एकटे असतानाची वेळ साधली, म्हणजे बेत.

माई साक्षीला आल्या तेव्हा मी भिंतीकडे बघत उभी होते. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना, त्यांनी जे बघितलं ते सांगितलं. कोर्टात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग आमच्या बाई उलटतपासाला उठल्या. त्यांनी आवाज न चढवता तीन-चार प्रश्न विचारले.

"बांधाचा वाद कुणाकुणाचा होता?"

"याच्या बापाचा आणि आमच्या यांचा. तो त्याचा बाप असतानाच मिटला. बांध दोघांनी मिळून घातला."

"आरोपी तुमच्याकडे यायचा?"

"रोज चहाला."

"घटनेनंतर तो तुम्हाला काय म्हणाला?"

माईंनी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. याला विचारा, आपले नाना कुठं ठेवलेत. न्यायाधीशांनी टंकलेखकाला थांबवून विचारलं, "'आपले नाना' म्हणाला?" माई म्हणाल्या, "हो. आपले." आणि तेवढ्यावर त्यांचा बांध फुटला. सरकारी वकील उठले होते, ते बसले.

त्यांनी एक शब्द गिळला असता तरी चाललं असतं. 'आठवत नाही' म्हटलं असतं तरी कुणी काही बोललं नसतं. बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी हात मागं घेतला. "खरं तेवढं बोलले, पोरी. माफ केलं असं समजू नको."

डॉक्टर व्हीलचेअरवरून आले. केसपेपर पुराव्यात दाखल झाला, त्याला निशाणी ६१ पडली. सरकारी वकिलांनी लगेच आडनावावर बोट ठेवलं. हे आडनाव आरोपीचं नाही, कशावरून हा कागद त्याचा? कुणाही पोराचा असेल. डॉक्टर म्हणाले, मुलगा आठवतो. वकील म्हणाले, इतक्या वर्षांत किती रुग्ण तपासलेत, सगळे आठवतात? डॉक्टर गप्प.

तेव्हा बाईंनी निशाणी ६१ च्या मागच्या बाजूला छापलेल्या रकान्याकडे न्यायाधीशांचं लक्ष वेधलं. ओळखीची खूण: उजव्या मनगटाच्या आत भाजल्याचा जुना डाग, डाव्या भुवईत तीळ. आणि मग पोलिसांचाच अटकेचा फॉर्म काढला. त्यातही ओळखखुणेचा रकाना असतो. तिथं पोलिसांनी लिहिलं होतं: उजव्या मनगटावर भाजल्याचा व्रण, डाव्या भुवईत तीळ. न्यायाधीशांनी धाकट्याला जवळ बोलावून हात बघितला.

तो डाग बंबाचा आहे. चार वर्षांचा असताना हात लागला होता.

मग मी. फाईल का नाही, हे सांगायला मलाच पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. बंबाचं सगळं सांगितलं. सरकारी वकिलांनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे तुमच्या सासरच्यांपासून ही गोष्ट लपवली?"

"होय."

"तुमच्या कुटुंबाला खोटं बोलायची सवय आहे असं म्हटलं तर?"

मागच्या बाकावर माझे मिस्टर बसले होते. त्यांना हे सगळं २०१७ मध्ये पेपरात वाचून कळलं होतं. बाईंनी हरकत घेतली, प्रश्न गेला, पण मी उत्तर दिलंच. "भीती होती साहेब. सवय नव्हती." नोंदवलं की नाही माहीत नाही. सासूबाई त्या रात्री म्हणाल्या, "आम्ही तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतंस?" मी नाही म्हणाले. त्यांनी ताटात भाजी वाढली.

आरोपीचा जबाब, तेव्हाच्या ३१३ कलमाचा, सरकारी पक्षाच्या साक्षी संपल्यावरच झाला होता. बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, जेवढं विचारतील तेवढंच. न्यायाधीशांनी विचारलं, साक्षीदार म्हणतात तू कुऱ्हाडीनं मारलंस, काय सांगायचंय? तो म्हणाला, "मारलं. तेव्हा ते नाना नव्हते. आता कळतंय ते नाना होते." बाईंनी डोळे मिटले. सरळ कबुलीच होती ती. पण आमच्या सगळ्या कागदांनी जे सांगायला चार वर्षं घेतली, ते त्यानं तीन वाक्यांत सांगितलं होतं.

युक्तिवादात बाईंनी दोन निकाल ठेवले, दोन्ही महाराष्ट्रातले. २००२ चा, एका पोलीस शिपायाचा, बायकोच्या खुनाचा. पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता, मारल्यावर लपला नाही, पळाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं ८४ खाली सोडला. आणि २०१८ चा, ज्यात न्यायालयानं तपासावर बोट ठेवलं. मानसिक आजाराचा इतिहास समोर आला असताना पोलिसांनी आरोपीची वैद्यकीय तपासणी करून ती कोर्टापुढे ठेवायला हवी होती. ती नाही केली तर त्याचा फायदा आरोपीला. बाईंनी अकरा लाल रेघा वाचून दाखवल्या.

लोक मला अजून म्हणतात, असं असेल तर कुणीही खून करून वेड्याचं सोंग घेईल. घ्यावं. तेरा वर्षं आधीपासून सोंगाची तयारी करावी, ट्रंका सांभाळणारा डॉक्टर शोधून ठेवावा.

---

डिसेंबर २०२१ मध्ये निकाल लागला. कायदा असा आहे की या कारणानं सोडताना न्यायाधीशाला स्पष्ट लिहावं लागतं की कृत्य त्यानं केलं की नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३३४. म्हणून आधी वाचलं गेलं, कृत्य आरोपीनेच केले हे सिद्ध. आईनं माझा हात आवळला. मग, परंतु त्या वेळी मनोविकलतेमुळे... आणि शेवटी 'निर्दोष'. आईनं तिथंच हात जोडले. माई उठून बाहेर गेल्या.

आणि पहाऱ्याच्या पोलिसांनी धाकट्याला परत गाडीकडे नेलं.

"सुटला ना?" आई विचारत होती. बाईंनी तिला बाकावर बसवलं. पुढचं कलम ३३५. असा माणूस सुटला तरी घरी जात नाही, सुरक्षित ताब्यात ठेवायचा, म्हणजे परत मनोरुग्णालय. किंवा नातेवाइकानं अर्ज करायचा, हमी द्यायची की याची नीट देखभाल करू, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू देणार नाही, सांगाल तेव्हा तपासणीला हजर करू. कोर्टाची खात्री पटली तर. शिक्षेला निदान आकडा असतो. सुटकेला नव्हता. मला तो बावीस वर्षांचा मॅकनॉटन आठवला.

गावी न्यायचा प्रश्नच नव्हता, भिंत एकच. माई तिथं राहणार, त्यांनीच राहायला पाहिजे. म्हणजे तो माझ्याकडे. मी मिस्टरांना विचारायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "मागची खोली रंगवून घ्यावी लागेल."

मग सोळा महिने. तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, मामाचा सातबारा, हॉस्पिटलचा अहवाल, अहवालावर सही नाही म्हणून परत, सही आहे पण शिक्का नाही म्हणून परत. दोन वेळा न्यायाधीश बदलले. एप्रिल २०२३ मध्ये बंधपत्रावर सही करताना कारकून म्हणाला, "बाई, नीट वाचून सही करा, उद्या काही झालं तर तुमच्यावर." मी वाचून केली.

आता तो मागच्या खोलीत असतो. महिन्यातून एकदा इंजेक्शन, ओपीडीच्या रांगेत आम्ही दोघं. केसपेपरवर आमचं आडनाव. निशाणी ६१ ची नक्कल तीन ठिकाणी आहे, एक माझ्या कपाटात, एक बाईंच्या ऑफिसात आणि एक आईच्या गादीखाली रेशनकार्डाशेजारी. आई आमच्याकडेच असते. मूळ घराला कुलूप आहे. माईंचं कुणाकडून काही कळलं तरच कळतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणे.

गेल्या महिन्यात एक लांबच्या नणंदबाई आल्या होत्या. माझी लेक आता सतरा वर्षांची आहे. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "तो मागं राहतो ते आहे ते आहे, पण चारचौघांत कशाला बोलायचं? लेकीचं पुढं बघायचंय ना. आणि ते कागदबिगद तरी घरात कशाला?"

धाकटा आत कपबशा विसळत होता. मी काही बोलायच्या आत माझ्या लक्षात आलं, नळाचा आवाज थांबलाय.